पुअर म्हणजे नुसते गरीब नव्हे



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हाला विषय दिला होता, 'मला काय वाटते?' कोणी झाडांवर लिहिले आहे, कोणी मोबाइलवर लिहिले आहे. मी इंग्रजी विशेषणांवर लिहिणार आहे. हा काय विषय झाला, असे तुम्ही म्हणाल. माझी मैत्रीण पण तसेच म्हणाली. पण एका इंग्रजी विशेषणाने आमच्या घरात एक रात्र कोणी नीट जेवले नाही. म्हणून मला हाच विषय घ्यायचा होता.

नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात, हे आपण शिकलो आहोत. गोड आंबा, आंबट चिंच, खोल विहीर. यातले गोड, आंबट, खोल ही विशेषणे. इंग्रजीतही अशीच विशेषणे असतात. गुड, बॅड, बिग, स्मॉल, हॉट, कोल्ड वगैरे.

माझे म्हणणे असे आहे की, ही विशेषणे नुसती यादी करून पाठ करू नयेत. ती वस्तूला लावून शिकावीत. एक अर्थ कळला की दुसरा अर्थ आहे का ते विचारावे. आणि माणसाला विशेषण लावताना दहा वेळा विचार करावा. असे मला का वाटते ते आता सांगते.

मी दुसरीत असताना या शाळेत नव्हते. तालुक्याच्या गावी एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिथे मला घातले होते. पिवळी गाडी सकाळी सातला फाट्यावर यायची. आई मला पावणेसातला तिथे नेऊन उभी करायची. थंडीत फार गारठा असायचा.

सहामाही परीक्षेनंतर प्रगतिपुस्तक मिळाले. त्यात सगळे इंग्रजीत लिहिले होते. हँडरायटिंग या शब्दापुढे गुड लिहिले होते. रीडिंगपुढे पुअर लिहिले होते. मी ते बाबांना दिले. बाबांनी ओट्यावर बसून वाचले. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. बाबा त्याच्या आधीचे, त्यांना पाचवीपासून इंग्रजी होते. तेव्हा त्यांनी शब्दार्थ पाठ केले होते. रिच म्हणजे श्रीमंत. पुअर म्हणजे गरीब.

बाबा मला काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, "फीचा दुसरा हप्ता राहिलाय, म्हणून पोरीच्या पुस्तकात गरीब लिहून दिलंय."

आई म्हणाली, "असू आपण गरीब. पण लिहून द्यायचं काय कारण?"

मग दोघेही गप्प झाले. आजीने वाढलेली भाकरी तशीच राहिली.

दोन दिवसांनी बाबांनी चाळीतला कांदा काढला. भाव वाढेल म्हणून तो ठेवला होता. तो मिळेल त्या भावाने दिला. मग हप्त्याचे पैसे घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आता तेवढा तो शब्द खोडा."

तिथल्या बाईंना आधी कळलेच नाही. मग त्यांनी पुस्तक पाहिले व म्हणाल्या, "अहो, पुअर म्हणजे तुम्ही गरीब असं नाही. तुमची मुलगी वाचनात कच्ची आहे, असा त्याचा अर्थ." शेजारी दोन पालक उभे होते, ते हसले. बाबा पण हसले. पण ते खरे हसू नव्हते, मला बाबांचे हसू ओळखता येते.

घरी येताना मोटारसायकलवर बाबा म्हणाले, "कच्ची असं लिहिलं असतं तर कळलं असतं ना. कच्चं असतं ते पिकतं. त्यात राग कसला?"

त्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी अर्थ बरोबरच सांगितला. बाबांना माहीत होता तो अर्थ पण बरोबरच होता. मग चुकले कुठे? मला वाटते, दोन ठिकाणी चुकले. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी अर्थ असतो असे बाबांनी लहानपणी पाठ केले होते, ही एक चूक. आणि हे वाचणाऱ्याला कळेल का, असा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता, ही दुसरी चूक.

तिसरीत मी आपल्या या शाळेत आले. इथे चालत येता येते, म्हणून आई पण खूश झाली.

यंदा आम्हाला इंग्रजी विशेषणांची यादी मिळाली. त्यात चाळीस शब्द होते. मी ते दोन दिवसांत पाठ केले. न थांबता म्हणून दाखवायची. न्यू म्हणजे नवा, ओल्ड म्हणजे जुना, लाँग म्हणजे लांब, शॉर्ट म्हणजे आखूड. सगळे म्हणाले, काय हुशार पोरगी आहे. मलाही तसेच वाटले.

मग गुरुजींनी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिले व त्याचा मराठी अर्थ विचारला. वाक्य होते, माय ग्रँडमदर इज ओल्ड. मी हात वर केला आणि म्हणाले, "माझी आजी जुनी आहे." सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "आजी काय ट्रॅक्टर आहे का जुनी व्हायला? आजी म्हातारी असते. घर जुने असते. इंग्रजीत दोन्हीला ओल्डच म्हणतात."

मग दुसरे वाक्य लिहिले, आय अ‍ॅम टेन इयर्स ओल्ड. आता आम्हाला शहाणपण आले होते. एक मुलगा उठून म्हणाला, "मी दहा वर्षांचा म्हातारा आहे." त्या दिवशी गुरुजींना पण हसू आवरेना. तिथे ओल्डचा अर्थ जुना पण नाही आणि म्हातारा पण नाही. तिथे नुसते वय सांगायचे असते.

तिसऱ्या वाक्यात तर गंमतच झाली. द बॅग इज लाइट. आपल्या गावात लाइट म्हणजे वीज. लाइट आली, लाइट गेली. म्हणून एकाने अर्थ सांगितला, "दप्तरात लाइट आहे." खरा अर्थ, दप्तर हलके आहे.

तेव्हा मला बाबांचे आठवले. मी पण बाबांसारखीच यादी पाठ केली होती. पाठांतरात काही खोट नव्हती, पण शब्द कुठे लावायचा ते मला माहीत नव्हते. गोठ्यात दावे आहे पण कोणते दावे कोणत्या जनावराचे ते माहीत नाही, असे झाले.

आता मी वहीत एक पान दुसऱ्या अर्थासाठी ठेवले आहे. त्यातले काही शब्द खाली देते.

हॉट म्हणजे गरम, आणि हॉट म्हणजे तिखट सुद्धा. चहा हॉट असतो आणि आजीचा ठेचा पण हॉट असतो.

हार्ड म्हणजे टणक, आणि हार्ड म्हणजे अवघड. दगड हार्ड, भागाकार पण हार्ड.

शॉर्ट म्हणजे आखूड, आणि शॉर्ट म्हणजे बुटका. दोरी शॉर्ट, माझा भाऊ पण शॉर्ट.

राइट म्हणजे उजवा, आणि राइट म्हणजे बरोबर. माझा डावखुरा मित्र म्हणतो, मग माझा हात चूक आहे का? त्याला सांगायचे, डाव्या हाताला लेफ्ट म्हणतात, चुकीला राँग म्हणतात.

पुअर म्हणजे गरीब, आणि पुअर म्हणजे कच्चा. हा शब्द मी लाल पेनाने लिहिला आहे.

उलटे पण होते. आपला मराठी शब्द एकच असतो आणि इंग्रजीत त्याचे दोन होतात. आपण म्हणतो मामा उंच आहे, डोंगर उंच आहे. इंग्रजीत मामा टॉल असतो आणि डोंगर हाय असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. हाय म्हणजे उंच, हायर म्हणजे दुसऱ्यापेक्षा उंच आणि हायेस्ट म्हणजे सर्वांत उंच. कळसूबाई हायेस्ट. हे मी एकदाच ऐकले आणि लक्षात राहिले, कारण तो डोंगर माहीत होता.

आता मी तुम्हाला एक चांगली बातमी सांगते. इंग्रजी विशेषणे आपल्यापेक्षा सोपी आहेत. खोटे वाटत असेल तर गोठ्यात चला.

आपण म्हणतो, काळा बैल, काळी म्हैस, काळं वासरू. दोन असले तर काळे बैल, काळ्या म्हशी. काळ्या बैलाला पाणी पाज. म्हणजे काळा, काळी, काळं, काळे, काळ्या अशी एका शब्दाची पाच रूपे झाली. इंग्रजीत सगळीकडे ब्लॅक. बैल असो, म्हैस असो, एक असो, दहा असोत, ब्लॅकच. मी आधी दोन मोठ्या बैलांसाठी बिग्ज बुल्स असे लिहिले होते. गुरुजींनी बिगच्या शेवटचा स खोडला. अनेकवचनाचा स बुलला लागतो, बिगला लागत नाही.

मराठीत पण अशी काही विशेषणे आहेत जी बदलत नाहीत. लाल फेटा, लाल साडी, लाल कुंकू. लाल तसाच राहिला. सुंदर, हुशार, उंच हे पण तसेच. गुरुजी म्हणाले की न बदलणाऱ्या शब्दाला अविकारी म्हणतात. मग मी लक्षात ठेवले, इंग्रजी विशेषण लालसारखे असते, काळ्यासारखे नसते.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. सिंथिया फरार नावाच्या एक बाई अमेरिकेतून आल्या होत्या. त्या १८३९ साली आपल्या नगरला आल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांना आपली भाषा शिकावी लागली. तसेच मोल्सवर्थ नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांनी शास्त्री पंडितांच्या मदतीने मराठी शब्दांचा इंग्रजी अर्थ सांगणारा मोठा कोश केला. तो १८३१ साली छापला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. गुरुजींनी तो आम्हाला शाळेच्या संगणकावर दाखवला. अक्षर बारीक आहे, पण आपले शब्द ओळखू येतात. ते पाहून मला वाटले, या मोठ्या माणसांना काळा, काळी, काळं, काळे, काळ्या शिकावे लागले असेल. ते पण चुकले असतील. त्यांना पण कोणीतरी हसले असेल. आपल्याला तर नुसते ब्लॅक शिकायचे आहे. मग आपण घाबरायचे कशाला?

एका गोष्टीत मात्र मराठी इंग्रजीला ऐकत नाही. इंग्रजीत जास्त सांगायचे असले की आधी व्हेरी लावतात. व्हेरी रेड, व्हेरी ग्रीन, व्हेरी स्वीट. आपण म्हणतो लालभडक, हिरवागार, गोडमिट्ट. पिवळाधमक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, आंबटढाण, कडूजहर, थंडगार, लांबलचक. आम्ही वर्गात असे शब्द गोळा केले तर फळा भरला. हे शब्द सुद्धा वहीत लिहून ठेवावेत. इंग्रजी शिकता शिकता आपलेच शब्द विसरले तर उपयोग काय? आमच्या जुन्या विहिरीचे पाणी मचूळ आहे. मचूळला एका शब्दात इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजून मिळाले नाही. मी शोधते आहे.

आता पालकांसाठी लिहिते.

पुष्कळ पालक म्हणतात, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही पोरांना काय शिकवणार? आमची आजी पण म्हणते, "मला कुठं इंग्रजी येतंय?" म्हणून मी एक दिवस कागद घेऊन घरात बसले आणि घरातली माणसे बोलताना किती इंग्रजी विशेषणे वापरतात ते मोजले.

बाबा म्हणाले, "आज सिंगल फेज आहे, मोटर चालायची नाही." सिंगल हे विशेषण. मग म्हणाले, "व्होल्टेज लो आहे." लो हे विशेषण. चुलते म्हणाले, "नट लूज झालाय, टाइट कर." लूज आणि टाइट, दोन विशेषणे, ती पण विरुद्धार्थी. आई दुकानदाराला म्हणाली, "ओरिजिनल द्या, डुप्लिकेट नको." परत दोन. चुलत्यांकडे हेवी लायसन आहे. हेवी म्हणजे जड, पण तिथे मोठ्या गाडीचे. आजोबांनी सेकंडहँड पंप घेतला होता. आणि आजी पाहुण्यांना म्हणाली, "थांबा, पेशल चहा करते." तो शब्द स्पेशल आहे. म्हणजे आजीला पण इंग्रजी येते. मी तिला तसे सांगितले तर ती म्हणाली, "चल, चावट!" पण दिवसभर खुशीत होती.

एसटीत तर विशेषणांचाच कारभार असतो. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुणे या रस्त्यावरच धावली, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. मी एसटीत बसले की माझे तिकीट हाफ. २०२३ सालापासून बायकांनाही तिकीट अर्धे, म्हणून आई पण हाफ. आजोबा पंच्याहत्तरच्या वर आहेत, त्यांना २०२२ सालापासून फ्री. बाबा एकटेच फुल. मागच्या यात्रेला आम्ही चौघे गेलो तेव्हा बाबा कंडक्टरना म्हणाले, "दोन हाफ, एक फुल आणि एक फ्री." मी लगेच ओरडले, "बाबा, तुम्ही तीन विशेषणे बोललात!" सगळी गाडी बघायला लागली.

सांगायचे हे की पालकांना बरेच शब्द आधीच येतात. पण ते इंग्रजी आहेत हे त्यांना माहीत नसते, आणि आम्हा मुलांना ते अभ्यासाचे आहेत हे माहीत नसते. दोघांनी रोज रात्री पाच मिनिटे बसले तर दोघांचाही फायदा होईल.

आता वर्गात काय झाले ते सांगते. हे सांगायला मला जड जाते, पण खरे लिहायचे ठरवले आहे.

वाक्यांची गंमत झाल्यावर गुरुजींनी एक नवा खेळ काढला. प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या लिहायच्या. एका चिठ्ठीवर एक इंग्रजी विशेषण. मग शाळेत फिरून ती चिठ्ठी योग्य त्या वस्तूला चिकटवायची व तिथे उभे राहून मोठ्याने वाक्य म्हणायचे. पाण्याच्या टाकीला कोणी फुल लावले. टाकीवर ठोकून पाहिले तर ती रिकामी निघाली, म्हणून ते काढून एम्प्टी लावले. लिंबाच्या झाडाला टॉल आणि ओल्ड अशा दोन चिठ्ठ्या लागल्या. झाडाची सावली कूल झाली. खिचडीचे मोठे पातेले हेवी झाले. घंटा लाउड झाली. नवी सतरंजी सॉफ्ट आणि जुने बाक हार्ड. मी विहिरीच्या चित्राला डीप लावले. हे शब्द मी परत पाठ केले नाहीत तरी अजून सगळे येतात.

पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी एका मुलाच्या पाठीवर डर्टी अशी चिठ्ठी चिकटवली. तो मुलगा पहाटे उठून शेण काढतो, दूध डेअरीला घालतो आणि मग शाळेत येतो. त्या दिवशी त्याच्या सदऱ्याला शेणाचा डाग होता. तो पाठीवर चिठ्ठी घेऊन प्रार्थनेला उभा राहिला. त्याला माहीत नव्हते. मागची मुले हसत होती. ती चिठ्ठी मी चिकटवली नव्हती. पण मी हसले होते. नंतर त्याला कळले तेव्हा त्याने ती काढली, खिशात ठेवली आणि काही बोलला नाही. पुढे दोन दिवस तो शाळेत आला नाही.

माझ्या बाबांना एका शब्दाने किती लागले ते मी पाहिले होते. तरी मी हसले. हे मला आठवले की अजून कसेसेच होते.

गुरुजी त्याच्या घरी जाऊन आले. आम्हाला ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "आता आपण काय करायचं?" आम्ही सगळ्यांनी बसून एक नियम केला. वस्तूला कोणतीही चिठ्ठी लावावी. माणसाला दुसऱ्याने चिठ्ठी लावायची नाही. ज्याने त्याने आपली आपण निवडायची.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी आला. मी त्याला चूक झाली म्हणाले. तो म्हणाला, "असू दे." मग चिठ्ठी निवडायची त्याची पाळी आली. मला वाटले तो स्ट्राँग घेईल, कारण तो वर्गात सगळ्यांत ताकदवान आहे. त्याने सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या आणि हंग्री उचलली. छातीवर लावली आणि मोठ्याने म्हणाला, "आय अ‍ॅम हंग्री!" सगळे हसले, तो सगळ्यांत जास्त हसला. गुरुजींनी घड्याळ बघितले आणि म्हणाले, "चला, खिचडी झालीच असेल." त्या दिवसापासून हंग्री हा शब्द कोणी विसरले नाही. मी माझ्यासाठी स्लो घेतली होती. मी वाचायला अजून थोडी सावकाश आहे. पण स्वतः निवडली म्हणून वाईट वाटले नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की, डर्टी हा शब्द वाईट नाही. सदरा डर्टी होता, हे खरे होते. सदरा धुता येतो. पण चिठ्ठी सदऱ्याला लावली नव्हती, मुलाला लावली होती. पुअरचेही तसेच आहे. माझे वाचन कच्चे होते. ते वाचनाच्या पुढेच लिहिले होते, पण आम्हा सगळ्यांना ते आमच्या घराला लावल्यासारखे वाटले.

काही मोठी माणसे म्हणतात, लहान मुलांना इंग्रजी नकोच. काही म्हणतात, सगळेच इंग्रजीत शिकवा. मी लहान आहे, मला दोन्हीकडचे सगळे कळत नाही. पण माझ्यापुरते मी सांगू शकते. मला इंग्रजी पाहिजे. औषधाच्या बाटलीवर, खताच्या गोणीवर, मोटरीच्या पेटीवर इंग्रजी असते, ते मला बाबांना वाचून दाखवायचे आहे. पण ते इंग्रजी मला मराठीतून समजून पाहिजे. न समजलेले इंग्रजी पाठ असून नसल्यासारखेच.

म्हणून शेवटी माझ्या चार सूचना आहेत.

पहिली सूचना मुलांना. रोज फक्त तीन विशेषणे घ्या आणि घरातल्या, शेतातल्या वस्तूला लावा. जोडीने घेतली तर अजून चांगले. वेट आणि ड्राय, म्हणजे ओला आणि सुका. फास्ट आणि स्लो. क्लीन आणि डर्टी. रोज तीन म्हटले तर आठवड्याच्या सहा दिवसांत अठरा होतात. आठ आठवड्यांत एकशे चव्वेचाळीस. आपल्या यादीत तर चाळीसच आहेत.

दुसरी सूचना पण मुलांना. अर्थ सांगणाऱ्याला नेहमी विचारा, "याचा आणखी एक अर्थ आहे का?" विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरी सूचना सगळ्याच शाळांतल्या मोठ्यांना. प्रगतिपुस्तकात शेरा इंग्रजीत लिहायचा असला तरी खाली मराठीत पण लिहावा, आणि नुसते विशेषण लिहून थांबू नये. 'वाचन कच्चे आहे, रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या' असे लिहिले तर घरच्यांना काय करायचे ते कळेल.

चौथी सूचना पालकांना. मुलगा घरी आला की "किती शब्द पाठ झाले?" असे विचारू नका. "आज कशाला काय म्हणतात ते दाखव," असे म्हणा. तो तुम्हाला गोठ्यात घेऊन जाईल. आणि एखादा शब्द तुम्हाला कळला नाही तर लाजू नका, आम्हाला किंवा गुरुजींना विचारा. आम्ही कोणी हसणार नाही. आम्ही तसा नियम केला आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी बाबांना विचारले की प्रगतिपुस्तकाची गोष्ट लिहू का, भिंतीवर लागेल, सगळे वाचतील. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिही. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं व्हायला नको." नंतर मी त्यांना पूर्ण लेख मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये दोनच ठिकाणी अडखळले. बाबा म्हणाले, "रीडिंग गुड."

या भित्तिपत्रकाच्या खाली गुरुजींनी एक कोरा कागद लावला आहे आणि दोरीला पेन बांधले आहे. पालकांनी आपल्या रोजच्या बोलण्यातले एक इंग्रजी विशेषण त्यावर लिहावे व शेजारी त्याचा मराठी अर्थ लिहावा. लिहिता येत नसेल त्यांनी आम्हाला सांगावे, आम्ही लिहू. आजीचा स्पेशल मी सगळ्यांत वर लिहिला आहे. बाबा पण आज येणार आहेत. ते काय लिहितात ते मी दारामागून बघणार आहे.

माझे काही चुकले असल्यास मोठ्यांनी क्षमा करावी व लहानांनी मला सांगावे. गुरुजींनी फक्त शुद्धलेखन तपासले आहे, विचार माझे आहेत.

आपली,
इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ११
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर
(आजोबा अजून नगरच म्हणतात. २०२४ साली नाव बदलले. म्हणजे नगर हे ओल्ड नाव आणि अहिल्यानगर हे न्यू नाव. इथे ओल्ड म्हणजे म्हातारे नव्हे, जुने!)